कळसूबाईची अट



"डोंगर चढायला वर्गणी? अरे, आम्ही जन्मभर डोंगरच चढलो. तेव्हा कुणी चार आणे जास्त दिले नाहीत, आणि आता आम्हीच पैसे द्यायचे?"

कळसूबाईच्या सहलीसाठी नावे घ्यायला आम्ही वस्तीत फिरत होतो, तेव्हा एका आजीने आम्हाला असे दारातच गाठले. आजींचे वय ६९. माहेर राहुरीकडचे. १९७२ च्या दुष्काळात सोळा-सतरा वर्षांच्या असताना त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, नंतर लग्न होऊन कल्याणला आल्या. आम्ही वही मिटून निघालो, तर मागून हाक आली, "लिही माझं नाव. बघू तरी, हौसेनं चढलेला डोंगर कसा असतो."

तर अशा एकोणीस जणांची ही हकीगत. नऊ बाया, पाच पुरुष, पाच मुले. मोठ्यांना ४५० रुपये आणि मुलांना २०० अशी वर्गणी ठेवली. जमा ७,३०० रुपये. कारकुनाला हिशेब दिल्याशिवाय झोप येत नाही, म्हणून खर्चही सांगून टाकतो : कसाऱ्याहून दोन जीपगाड्या जाऊन-येऊन ६,०००, लोकलची तिकिटे आणि किराणा मिळून १,१६०. उरले १४०. त्या १४० रुपयांचे काय झाले ते शेवटी येईल.

निघण्याआधी दोन अडचणी आल्या. पहिली एका जुन्या उपासकांनी काढली. "वर देवीचं देऊळ आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं तिथं जाऊन काय करणार?" प्रश्न रास्त होता. आम्ही म्हणालो, डोंगर देवळाच्या आधीपासून आहे. ज्याला जे बघायचे ते त्याने बघावे, हात जोडायची सक्ती कोणावर नाही. त्यांचे पूर्ण समाधान झाले नाही, पण आले.

दुसरी अडचण चार घरी धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंची. रविवारी सगळे घरी असतात म्हणून रविवारीच काम जास्त. तीन घरांनी हो-ना करीत सुट्टी दिली. चौथ्या घरी उत्तर मिळाले, "रविवारी पाहुणे यायचेत. खाडा केलास तर पगार कापीन." ताई म्हणाल्या, "कापा."

पहाटेची कसारा लोकल, मग घाट, इगतपुरी, घोटी आणि तिथून भंडारदऱ्याच्या रस्त्याला बारी हे पायथ्याचे गाव. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही. हा डोंगर सीमेवरचा आहे. उत्तरेला नाशिक जिल्ह्याचा इगतपुरी तालुका आणि दक्षिणेला अकोले तालुका, जो पूर्वीच्या अहमदनगर आणि २०२४ पासून अहिल्यानगर म्हटल्या जाणाऱ्या जिल्ह्यात येतो. पश्चिमेला कडा तुटला की खाली ठाणे जिल्हा. एका मुलाने विचारले, "मग रेघ कुठाय?" रेघ नाही बाबा. नकाशावर आहे, तिथे फक्त वारा आहे.

बारीपासून माथ्यापर्यंत आठ-नऊशे मीटरची चढण आहे. सुरुवातीला भाताची कापलेली खाचरे, मग दगडी पायऱ्या, मग कारवीची झुडपे. ही कारवी साधारण सात वर्षांतून एकदा फुलते. आमच्या नशिबी फुले नव्हती, नुसत्या वाळक्या काटक्या होत्या. याच काटक्यांचा कुड करून इकडे घरांच्या भिंती सारवतात. आजींनी एक काटकी मोडून पाहिली. "चुलीला चांगली," एवढाच शेरा.

पहिल्या तासात पुरुष मंडळी पुढे आणि बाया मागे होत्या. दुसऱ्या तासात उलटे झाले. आम्ही स्वतः खुर्चीवर बसून वीस वर्षे लेजर लिहिलेले. आमची अवस्था काय वर्णावी! आजी मात्र एका लयीत, ना घाई ना थांबा, अशा चालल्या होत्या. डोक्यावर ओझे असताना जसे चालतात तसे. आज ओझे नव्हते, पण मान तशीच ताठ.

शिड्यांपाशी खरी परीक्षा झाली. जिथे कडा उभा आहे तिथे लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. खाली बघितले तर पोटात खड्डा पडतो. शिडीच्या मध्यावर आमच्या त्या धुणीभांडीवाल्या ताईंचे पाय थिजले. वर जाववेना, खाली येववेना. मागे कॉलेजच्या पोरांची रांग. "ओ मावशी, चला ना," अशी ओरड सुरू झाली. आम्ही खालून काहीबाही सांगत होतो, त्याचा काडीचा उपयोग नव्हता. तेवढ्यात त्या पोरांच्या मागून डोक्यावर पाण्याच्या बाटल्यांचा खोका घेतलेली एक बाई पुढे आली. तिने पोरांना गप्प केले आणि ताईंना म्हणाली, "बाय, खाली नको बघू. हाताकडं बघ. एक हात सुटला तर दुसरा धरलेला पायजे, बस." ताई एकेक पायरी करीत वर पोचल्या आणि मटकन बसल्या.

खोकेवाली बाई पायथ्याच्या वस्तीतली, आदिवासी. माथ्याजवळ तिची चहा-लिंबूपाण्याची टपरी. शनिवार-रविवार हा सगळा माल ती डोक्यावरून वर नेते, कधी दोन खेपा. गिऱ्हाईक नसते त्या दिवसांत नारायणगावच्या बाजूला मजुरीला जाते. आम्ही हौसेने जो डोंगर एकदा चढून धापा टाकत होतो, तो तिची रोजची कामाची वाट. ताईंनी तिला विचारले, "दिवसाचे सुटतात किती?" उत्तर ऐकून दोघी हसल्या. आकडा आम्हाला सांगितला नाही.

तिच्याच टपरीत आम्ही कळसूची गोष्ट ऐकली. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्येही ती नोंदलेली आहे. कळसू नावाची एक कोळ्याची पोर होती. रानावनात फिरायची तिला आवड. पायथ्याच्या इंदोरे गावात ती एका घरी कामाला राहिली, पण राहताना अट घातली : भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. बाकी सांगाल ते काम करीन. काही दिवस बरे गेले. मग एके दिवशी घरी पाहुणे आले आणि तिला भांडी घासायला, केर काढायला लावले. तिने निमूट दोन्ही कामे केली आणि तडक डोंगर गाठला. परत खाली आली नाही. तिने जिथे भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात, आणि जिथे केर काढला ते हे शिखर.

"पाहुणे आले," ताई म्हणाल्या. पुढे बराच वेळ बोलल्या नाहीत.

मग चर्चा सुरू झाली ती चहा संपला तरी थांबेना. एक जण म्हणाली, अट घातली होती ना, मग बरोबर केलं. दुसरी म्हणाली, बरोबर काय, एकटा जीव होता म्हणून डोंगरावर गेली, पदरात दोन लेकरं असती तर? आजींनी विचारले, "आणि दुसऱ्या दिवशीपासून त्या घरची भांडी कुणी घासली?" याला कोणापाशीच उत्तर नव्हते. देवळावरून प्रश्न काढणारे उपासक इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, "म्हणजे ही मूळची कामगार बाई. देवी तिला लोकांनी नंतर केली." आम्हाला त्यांचे म्हणणे पटले. ज्या पोरीचा शब्द मोडला तिलाच पुढे नारळ फोडायचे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

माथा म्हणजे एक छोटेसे देऊळ आणि भोवती जेमतेम उभे राहण्यापुरती जागा. नवरात्रात इथे गर्दी लोटते. आमच्यापैकी कोणी आत गेले नाही. देवळाच्या भिंतीआड वारा लागत नव्हता, तिथे बसून भाकरी, ठेचा आणि उकडलेली अंडी सोडली. पश्चिमेकडे अलंग, मदन आणि कुलंग हे तीन किल्ले, दक्षिणेला दूर हरिश्चंद्रगड, त्याच्या अलीकडे रतनगड. आणि या सगळ्यांच्या मधे पसरलेला भंडारदऱ्याचा जलाशय, निळा, हात-पाय फुटल्यासारखा डोंगरांच्या फटीफटीत शिरलेला.

हे प्रवरा नदीचे पाणी. १९१० साली विल्सन धरणाचे काम सुरू झाले, १९२६ साली पुरे झाले. पाऊस पडतो इथे, आदिवासींच्या डोक्यावर. पाणी पिकवते ते खालचे, संगमनेरपासून राहुरी-श्रीरामपूरपर्यंतचे मळे. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, उसावर कारखाने. आम्ही हे मुलांना सांगत होतो. आजी उठून कड्याच्या अलीकडे येऊन उभ्या राहिल्या.

"पाटाचं पाणी इथनं येतं?"

"हो आजी, खाली ओझरला बंधारा आहे, तिथून पाट निघतात."

"लहानपणी पाटाच्या कडेनं उसाच्या खुरपणीला जायचो. पाणी दिसायचं, आपलं नव्हतं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "चांगलं दिसतंय की इथनं." त्या एवढेच बोलल्या. मग मुलांना जवळ घेऊन हाताने दाखवू लागल्या, पाणी कुठून कसे वळत गेले असेल ते.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. चढायला तीन ते चार तास धरा आणि उजेडात खाली या. उतरताना गुडघे बोलतात. माणशी दोन लिटर पाणी, तळ झिजलेली चप्पल चालणार नाही, कॅनव्हासचे बूट असावेत. लहान मुले बरोबर असतील तर भर पावसात जाऊ नये. शिड्या ओल्या, धुके दाट आणि सुट्टीची गर्दी असे तिन्ही एकत्र आले की वाईट प्रसंग यायला वेळ लागत नाही. आणि पाण्याची रिकामी बाटली वर टाकायची नाही. ती कोणी बाई डोक्यावरून वर नेते, निदान रिकामी तरी आपण खाली आणावी.

परतीच्या लोकलमध्ये निम्मी मंडळी झोपली. ताई जाग्या होत्या. त्यांनी विचारले, घरकाम करणाऱ्या बायांसाठी सरकारचे कार्ड असते म्हणतात, ते काय? आम्ही सांगितले की २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. १८ ते ६० वयाच्या घरकाम करणाऱ्यांची त्यात नोंदणी होते. पण आठवड्याच्या सुट्टीचा हक्क त्या कार्डाने मिळत नाही. ती ज्याची त्याला मागावी लागते. "मग आधी कार्ड करू," त्या म्हणाल्या, "सुट्टीचं मी बघते."

उरलेल्या १४० रुपयांतून नोंदणीच्या अर्जांच्या झेरॉक्स काढल्या. वस्तीतील अकरा बायांनी अर्ज भरून आमच्याकडे दिले आहेत. चौथ्या घरचा पगार कापला गेला तो गेलाच. मात्र ताईंनी तिथे सांगितले आहे की महिन्यातला दुसरा रविवार यापुढे धरू नका. त्या घरातून अजून हो आलेले नाही आणि नाहीही आलेले नाही.

पुढची सहल रतनगडाची, रतनवाडीच्या वाटेने. नावे या वेळी आजी घेत आहेत. वर्गणी त्यांच्याकडेच द्यावी, आणि सुट्टे पैसे द्यावेत.