गोरे काय सोवळ्यात राहतात?

समलिंगी पुरुष आणि एचआयव्ही हा विषय निघाला की कट्ट्यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं : "असलं वागल्यावर दुसरं काय होणार!" मला या उत्तराची चीड येते, कारण ते खोटं आहे.

अमेरिकेचंच घ्या. तिथे मेक्सिको, पोर्तो रिको, क्युबा अशा मुळाच्या लोकांना लॅटिनो म्हणतात. सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं २०१६ साली अंदाज मांडला, की दर असाच राहिला तर लॅटिनो समलिंगी आणि बायसेक्शुअल पुरुषांत चौघांतल्या एकाला कधी ना कधी एचआयव्ही होईल. गोऱ्या समलिंगी पुरुषांत? अकरांत एकाला. वागणंच कारण असेल तर हा फरक आला कुठून?

प्रेप नावाची गोळी तिथे २०१२ पासून आहे. नियमित घेतली तर संबंधांतून होणाऱ्या लागणीचा धोका सुमारे ९९ टक्के कमी होतो. पण २०२२ मध्ये जिची गरज आहे अशा गोऱ्यांपैकी ९४ टक्क्यांना तिची चिठ्ठी मिळाली होती, लॅटिनोंपैकी फक्त २४. ज्याच्याकडे कागदपत्रं नाहीत त्याला मेडिकेड नाही, ओबामाकेअरच्या बाजारातला विमा स्वतःच्या खिशातून घ्यायचा म्हटलं तरी बंदी. दवाखान्यात नाव लिहिलं की इमिग्रेशनवाले दारात येतील ही धास्ती वेगळीच. डॉक्टरला स्पॅनिश येत नाही, मग असली नाजूक गोष्ट बोलायची कशी?

आणि घर. राफाएल दिआझ आणि सहकाऱ्यांनी मायामी, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसमधल्या ९१२ लॅटिनो समलिंगी व बायसेक्शुअल पुरुषांशी बोलून अभ्यास केला. ज्यांच्या वाट्याला हेटाळणी, वर्णद्वेष आणि पैशाची ओढाताण जास्त, त्यांच्यातच धोक्याचे संबंध जास्त सापडले. आईबाप जीव लावतात, पण "ते" घरात बोलायचं नाही, ही अट. हे काही आपल्याला परकं नाही, राव.

३७७ कलमातला गुन्हा सुप्रीम कोर्टानं ६ सप्टेंबर २०१८ ला पुसला. तरी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या एचआयव्ही तपासणी केंद्राबाहेर ओळखीचं कोणी दिसलं, की पोरगं रक्त न देताच माघारी फिरतं. ते व्हायरसला घाबरत नाही, आपल्या तोंडाला घाबरतं. तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगतो : कुणाचा रिपोर्ट त्याच्या संमतीशिवाय फोडायला २०१७ च्या कायद्यानं मनाई आहे. आणि तुम्हाला, मंडळी : तिथे कोणी दिसला तर मान वळवा आणि पुढे चला.