पाहुणी कीं बिऱ्हाडकरू?

ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी त्या शब्दाची फोड आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. पण ज्याच्या जाण्याचीहि तिथि ठरलेली नाहीं, त्यास काय म्हणावें? तिसऱ्या दिवशीं राहणाऱ्या पाहुण्याची अक्कल काढणारी म्हणहि आपल्याच घरांतली आहे. युक्रेनमधून आलेल्या निर्वासितांमुळें युरोपांतील असंख्य गृहस्थांपुढें हाच प्रश्न उभा राहिला, व त्याचें उत्तर निरनिराळ्या देशांनीं निरनिराळें दिलें.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजीं रशियानें युक्रेनवर मोठी स्वारी केली. १८ ते ६० वर्षांच्या बहुतेक पुरुषांस त्या वेळीं देश सोडण्याची मनाई झाली. त्यामुळें सरहद्द ओलांडून आल्या त्या मुख्यतः स्त्रिया, मुलें व वृद्ध माणसें. ४ मार्च रोजीं युरोपीय संघानें त्यांस तात्पुरतें संरक्षण देऊन राहण्याचा, काम करण्याचा व मुलांस शाळेंत घालण्याचा हक्क दिला. हक्क मिळाला, पण छप्पर कोठून आणावें? तेव्हां सरकारांचें लक्ष गृहस्थांच्या रिकाम्या खोल्यांकडे गेलें.

इंग्लंडांत त्याच महिन्यांत योजना निघाली कीं, गृहस्थानें निदान सहा महिने जागा द्यावी, भाडें मात्र घेऊं नये. सरकार आभारादाखल त्यास दरमहा ३५० पौंड देईल. पुढें वर्षाहून अधिक राहिलेल्या पाहुण्यांसाठीं ही रक्कम ५०० झाली, व एप्रिल २०२५ पासून ती पुन्हां सरसकट ३५० वर आली. पोलंडनें यजमानास दर माणशीं रोज ४० झ्लोटी दिले, तेहि ठराविक दिवसांपुरते. जुलै २०२४ पासून ती मदत बंद झाली. जर्मनीनें वेगळी वाट धरली. जून २०२२ पासून तेथें या निर्वासितांस इतर गरजू रहिवाशांप्रमाणेंच निर्वाहवेतन मिळूं लागलें, आणि भाडेकरार दाखविल्यास वाजवी भाडेंहि सरकारी कचेरी सोसूं लागली.

वरवर पाहतां इंग्लंडची रीत अधिक उदार दिसते. परंतु आश्रितेच्या बाजूनें पाहिलें म्हणजे चित्र बदलतें. पैसे सरकार देतें, घेतो यजमान. उपकाराचें ओझें मात्र तिच्या माथीं राहतें. स्वयंपाकघरांत भांडें वाजलें तरी ती दचकते, मूल मोठ्यानें हंसलें तरी त्यास गप्प करते. उलट भाडें देणारी बाई बिऱ्हाडकरू होते. तिच्या राहण्यास आधार असतो. पुण्याच्या वाड्यांत किंवा गिरगांवच्या चाळींत ज्यांच्या दोन पिढ्या गेल्या, त्यांस महिन्याचें भाडें मोजून देण्यांतला स्वाभिमान समजावून सांगावयास नको. अर्थात् भाड्यासहि दुसरी बाजू आहे. केवळ सरकारी रकमेकडे पाहून उघडलेलें दार ती रक्कम थांबतांच बंद होतें.

महाराष्ट्रास हा प्रश्न अगदींच परका नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४३ पासून १९४८ पर्यंत, कोल्हापूरजवळ वळिवडें येथें सुमारें पांच हजार पोलिश निर्वासितांची वस्ती होती. त्यांतहि स्त्रिया व मुलेंच अधिक. त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होतें, आणि कुटुंबांस आपापली चूल होती. परक्या मुलुखांतील तीं वर्षें सुसह्य होण्यांत त्या चुलीचा वांटा लहान नसावा, असें आम्हांस वाटतें. देवास आपण घरीं आणतों तो दीड दिवस, फार तर दहा दिवस. वर्षानुवर्षें राहणाऱ्यास देव मानून भागत नाहीं. त्यास माणसाप्रमाणें स्वतःची चूल व खोलीची किल्ली लागते.

परदेशीं स्थायिक झालेल्या आमच्या ज्या वाचकांच्या घरीं खोली रिकामी आहे, व जे ती देण्याचें मनांत आणीत आहेत, त्यांस आमचें सांगणें इतकेंच आहे. मुक्काम किती दिवसांचा, हें तिला समजेल अशा भाषेंत लिहून ठेवावें. जेथें भाड्यास मनाई आहे, तेथेंहि वीज, पाणी व गॅस यांचा वाजवी वांटा परस्परसंमतीनें घेण्यास इंग्लंडांत मोकळीक दिलेली आहे. तो घ्यावा, कारण देणारीची मान त्यानें ताठ राहते. घरांत सामिष अन्न चालत नसेल तर तें ती येण्यापूर्वींच सांगावें. मागाहून नाक मुरडूं नये. तिच्या खोलींत दार वाजविल्यावांचून जाऊं नये. आणि सरकारी मदत थांबल्यास किती महिन्यांची मुदत द्यावयाची, हें आरंभींच ठरवावें. तो दिवस कधीं ना कधीं येणारच. त्याचा विचार आधीं झालेला असला म्हणजे निरोप घेतांना तिला अपमान वाटणार नाहीं, व आपणांसहि ओशाळें व्हावें लागणार नाहीं.