खतावणीत न आलेली गाणी

‘‘काका, बाबांच्या बँडची ती टेप तुमच्याकडे होती ना?’’

गेल्या महिन्यात पुतणीचा फोन आला. माझा मावसभाऊ, म्हणजे आम्हा सगळ्यांचा दादा, मागच्या पावसाळ्यात गेला. १९६९ च्या सुमारास, कॉलेजात असताना, त्याने तीन मित्रांबरोबर एक बीट ग्रुप काढला होता. गिरगावात चाळीच्या गच्चीवर तालमी चालत आणि खालचे बिऱ्हाडकरू तक्रारी घेऊन वर येत. त्यांची चार गाणी कुणाच्या तरी स्पूलच्या टेपरेकॉर्डरवर उतरवली होती. पुढे तो टेपरेकॉर्डर स्पुलांसकट दादाने माझ्याकडे ठेवायला दिला. मी बँकेतला माणूस, माझ्याकडे वस्तू नीट राहतात, असा त्याचा समज! १९९४ साली बदलीच्या वेळी बांधाबांध करताना मी ते बंद पडलेले यंत्र भंगारवाल्याला दिले. स्पूल त्याच्यावरच चढवलेली होती.

पुतणीला काय सांगावे ते सुचेना. तेव्हापासून मात्र अशीच गाणी जगात आणखी कुठे, कशी हरवली याचा मी शोध घेतो आहे. तो शोध मला थेट अमेरिकेत घेऊन गेला.

९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्स अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर एड सलिव्हन यांच्या कार्यक्रमात गायले. सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला. गावोगावच्या शाळकरी पोरांनी गिटारी घेतल्या, वडिलांची मोटार बाहेर काढली आणि गॅरेजमध्ये तालमी सुरू केल्या. पुढे त्यांना ‘गॅरेज बँड’ हेच नाव पडले. त्यांतल्या अनेकांनी पदरमोड करून स्वतःची रेकॉर्ड काढली. सात इंची, ४५ फेऱ्यांची, दोन बाजूंना एकेक गाणे असलेली. पैसे भरले की कारखाना काहीशे प्रती काढून देई. त्या शाळेतल्या नाचाच्या कार्यक्रमात विकायच्या, दोन-चार स्थानिक रेडिओ केंद्रावर नेऊन द्यायच्या, उरलेल्या घरी.

क्वचित कुणाचे नशीब उघडे. ओरेगॉनमधल्या किंग्जमेन या वाद्यवृंदाचे ‘लुई लुई’ १९६३ मध्ये अगदी किरकोळ खर्चात मुद्रित झाले आणि देशात दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. मिशिगनमध्ये मेक्सिकन कष्टकरी कुटुंबांतल्या मुलांचे ‘नाइन्टी सिक्स टिअर्स’ १९६६ मध्ये आधी छोट्या स्थानिक कंपनीने काढले, मग मोठ्या कंपनीने उचलले आणि ते पहिल्या क्रमांकावर गेले. बाकीच्यांचे काय झाले?

त्यांच्या रेकॉर्डी कुणी हेतुपुरस्सर जाळल्या नाहीत. त्या हिशेबाने संपल्या. ज्यूकबॉक्समधली प्रत जड सुईखाली झिजली. काही रेकॉर्डी विनायलच्या नव्हे, तर स्वस्त पॉलिस्टायरीनच्या असत. त्या आणखी लवकर खरखरू लागत. न खपलेला माल रद्दीत जाई. मधला कागदी लेबलाचा भाग कापून उरलेले विनायल दळून पुन्हा वापरता येते. १९७३ च्या तेलटंचाईत कच्चा माल महागला, तेव्हा असे दळलेले विनायल जास्तच वापरले गेले. मूळ फीत महाग, म्हणून छोट्या स्टुडिओत तिच्यावरच पुढच्या गिऱ्हाइकाचे गाणे मुद्रित होई. आणि घरी उरलेले खोके? मुलगा व्हिएतनामच्या युद्धावर गेला, नाहीतर नोकरीला लागला. खोके तळघरात ओलाव्याने किंवा माळ्यावर उन्हाने वाकडे झाले आणि आईने एका रविवारी घर आवरायला काढले. त्या माउलीला मी कोणत्या तोंडाने दोष देऊ?

आमच्या बँकेतही जुनी व्हाउचरे ठराविक वर्षांनी नष्ट करत. पण त्याआधी यादी करावी लागे. काय नष्ट करतो आहोत हे वहीत लिहायचे, त्याखाली अधिकाऱ्यांच्या सह्या. मीही अशा सह्या केल्या आहेत. कागद जाई, पण तो होता याची नोंद राही. या गाण्यांची नोंदच कधी झाली नाही, आणि खरे नुकसान तिथे आहे. जे खतावणीत आलेच नाही, ते बुडाले हे कळणार कसे? जुन्या बाजारात एखादी प्रत सापडते, तेव्हाच असा एक बँड होता हे जगाला कळते.

मोठ्यांचीही तीच गत. १ जून २००८ रोजी हॉलिवूडमधल्या युनिव्हर्सलच्या आवारात आग लागली आणि मूळ ध्वनिफितींचे कोठार जळाले. नुकसान किती, ही चर्चा जाहीरपणे झाली ती २०१९ मध्ये, न्यूयॉर्क टाइम्सने ते प्रकरण बाहेर काढल्यावर. आकड्यांबाबत कंपनीचे म्हणणे वेगळे. म्हणजे आग लागून अकरा वर्षे झाली होती, तरी काय जळाले यावर एकमत नव्हते!

वाचवले कुणी? बहुतेक वेळा हौशी लोकांनी. १९७२ मध्ये लेनी के यांनी विस्मृतीत चाललेली अशी २७ गाणी ‘नगेट्स’ नावाच्या संग्रहात आणली. पुढे संग्राहकांनी आणखी अपरिचित गाणी शोधून संग्रह काढले; मूळ फिती नसल्यामुळे पुष्कळदा ओरखडे पडलेल्या रेकॉर्डीवरूनच. आपल्याकडे सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी ‘सिमला बीट’ स्पर्धा होत. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांतल्या वाद्यवृंदांच्या एलपी निघाल्या, म्हणून ती नावे उरली. पुढे परदेशात त्या एलपी नव्याने निघाल्या. ज्यांची रेकॉर्ड निघालीच नाही, ते दादासारखे गच्चीवरचे कलावंत कोणत्याच यादीत नाहीत.

आता सगळे संगणकात आहे, काही हरवत नाही, असे तरुण मंडळी म्हणतात. मार्च २०१९ मध्ये मायस्पेस या संकेतस्थळाने कबूल केले, की सर्व्हर बदलताना २०१५ पर्यंत लोकांनी चढवलेली गाणी गेली. अंदाज पाच कोटी गाण्यांचा. तीही बहुतेक अशाच नवख्या पोरांची. भंगारवाला बदलला, एवढेच. उलट २०२२ मध्ये अमेरिकेत विनायल रेकॉर्डी संख्येने सीडींपेक्षा जास्त खपल्या. १९८७ नंतर प्रथमच. वस्तू हातात असावी, असे माणसाला पुन्हा वाटू लागले आहे.

म्हणून आज, रविवार आहे तर, कपाटातला तो कॅसेटांचा डबा काढा. आजीची ओवी असेल, मुलाचे बोबडे बोल असतील. प्रत करून घ्याच, पण आधी प्रत्येकीवर लिहा : कुणाचा आवाज, कोणते साल, कोणते गाव. नाव नसलेली कॅसेट माझ्यासारखा शहाणा माणूस सर्वात आधी फेकतो.

पुतणीला मी खरे ते सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘निदान काय काय होतं त्यात, ते तरी लिहून द्या.’’ मी लिहिले. चौघांची नावे, कोण काय वाजवी, गच्ची, साल. चारांपैकी तीन गाणी आठवली.

चौथ्यासमोर जागा कोरी सोडली आहे.