प्रॅक्टिकलचं यंत्र विद्यार्थ्याच्या ताब्यात द्या

संगणक अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळा क्लाउडवर न्याव्यात का, हा विषय निघाला की विभागाच्या बैठकीत चार आक्षेप हमखास येतात. यंत्र डोळ्यांसमोर नसेल तर मुलं शिकणार काय? इंटरनेट गेलं तर प्रॅक्टिकल बुडणार. बिल कोण आवरणार? आणि लॅबमध्ये संगणक असताना हा वेगळा खर्च कशाला? आक्षेप घेणाऱ्यांनी वर्षानुवर्षं लॅब चालवल्या आहेत, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवं. माझ्या मते यांतला एकही आक्षेप टिकत नाही, आणि पहिला तर चक्क उलटा आहे.

लॅबमधल्या संगणकावर विद्यार्थ्याला करू काय देतात, ते पाहा. अ‍ॅडमिनचा पासवर्ड लॅब असिस्टंटकडे असतो. त्यांचंही बरोबर आहे. सकाळच्या बॅचनं काही बिघडवलं तर दुपारच्या बॅचचं प्रॅक्टिकल अडतं. पण त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकणारी मुलगी अख्ख्या सेमिस्टरमध्ये नवा युजर तयार करत नाही, डिस्कचं पार्टिशन करत नाही, फायरवॉलचा एक नियमही लिहीत नाही. जर्नलमध्ये कमांड उतरवते, एक्स्टर्नलसमोर पाठ म्हणते. व्हर्च्युअल मशीनवर हीच मुलगी रूट असते. परवानग्या चुकीच्या दिल्या आणि लॉगिनच होईना, तर आधी दुरुस्त करून पाहायचं. नाहीच जमलं तर मूळ इमेजवरून काही मिनिटांत नवं यंत्र उभं करायचं. शेजारच्याच्या कामाला धक्का लागत नाही. मोडण्याची मुभा असल्याशिवाय यंत्रणा कळत नाही, आणि ती मुभा आपली आजची लॅब देत नाही.

वितरित प्रणालींच्या प्रॅक्टिकलची तर मला खंत वाटते. हडूपचे सगळे भाग एकाच संगणकावर चढवायचे, सगळीकडे पत्ता ‘लोकलहोस्ट’ लिहायचा आणि त्याला क्लस्टर म्हणायचं. 4 जीबी रॅमचं यंत्र त्यातच गुदमरतं. तीन छोटी व्हर्च्युअल मशीन्स दिली, तर एक मुद्दाम बंद करून डेटा कसा वाचतो हे विद्यार्थ्याला स्वतः पाहता येतं. पुस्तकातलं ‘फॉल्ट टॉलरन्स’चं प्रकरण मग वेगळं समजावावं लागत नाही.

ही कल्पना नवीनही नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीनं 2004 मध्ये व्हर्च्युअल कम्प्युटिंग लॅब सुरू केली. विद्यार्थ्यानं ब्राउझरमधून हवी ती इमेज हव्या त्या वेळेसाठी राखून ठेवायची, अशी ती व्यवस्था. तिचं सॉफ्टवेअर पुढे अपाचे फाउंडेशनकडे गेलं आणि आजही मुक्त आहे. हार्वर्डमध्ये डेव्हिड मॅलन यांनी 2008 मध्ये सीएस50 हा पायाभूत अभ्यासक्रम अ‍ॅमेझॉनच्या ईसी2वर नेला. तेव्हा ईसी2 सुरू होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. अ‍ॅमेझॉनचं मुंबईतलं केंद्रही 2016 पासून चालू आहे, म्हणजे अंतराची सबबही आता उरलेली नाही.

इंटरनेटचा आक्षेप ग्राफिकल डेस्कटॉपला लागू पडतो, टर्मिनलला नाही. एसएसएचवरून जातात ती अक्षरं. त्यांना मोबाइलचा हॉटस्पॉटही पुरतो. सेशन टीमक्समध्ये चालवलं तर जोडणी तुटली तरी काम तिकडे चालूच राहतं, परत लॉगिन करून तिथूनच पुढे जाता येतं. तालुक्याच्या कॉलेजात वीज गेली की लॅबमधला संगणक बंद पडतो आणि सेव्ह न केलेला प्रोग्रॅमही जातो; क्लाउडवरच्या यंत्राला त्याची झळ लागत नाही. खरी अडचण बहुतेकदा कॉलेजच्याच फायरवॉलची असते. तिथे 22 क्रमांकाचं पोर्ट बंद असतं. ते उघडून घ्या, नाहीतर ब्राउझरमधून चालणारं टर्मिनल द्या.

बिलाची भीती मात्र खरी आहे. आठवड्याला दोन तास, बारा आठवडे, म्हणजे एका विद्यार्थ्याला प्रॅक्टिकलसाठी यंत्र लागतं 24 तास. ते चालू राहिलं तर 30 दिवसांत 720 तास मोजले जातात, म्हणजे तीसपट. बंद केलेल्या यंत्राच्या डिस्कचं भाडंही चालूच राहतं. खर्चमर्यादेची साधी सूचना ई-मेल पाठवते, यंत्र थांबवत नाही. म्हणून रात्री ठरलेल्या वेळी सगळी यंत्रं आपोआप बंद व्हावीत, मोठं यंत्र उभं करताच येऊ नये आणि सेमिस्टर संपताच डिस्कसकट सगळं पुसलं जावं, ही व्यवस्था पहिल्या प्रॅक्टिकलच्या आधी हवी. सार्वजनिक क्लाउड नकोच असेल तर विभागाचा स्वतःचा सर्व्हर चालतो. वीस जणांच्या बॅचला प्रत्येकी 2 जीबी दिली तर 40 जीबी रॅम लागते; 64 जीबीच्या सर्व्हरवर लिनक्सचं केव्हीएम ते सहज पेलतं.

इथे मला काही समर्थकांनाही विरोध करायचा आहे. ‘मुलांना फुकटची खाती उघडायला सांगा’ हा त्यांचा उपाय मला अजिबात मान्य नाही. विद्यार्थ्यांसाठीच्या काही योजनांना कार्ड लागत नाही, पण बऱ्याच ठिकाणी लागतं. मग वडिलांचं कार्ड जोडलं जातं, आणि एका विसरलेल्या यंत्राचं बिल त्या घरावर येतं. टर्मवर्कच्या गुणांसाठी विद्यार्थ्याच्या घरावर हा धोका टाकणं अन्याय आहे. खातं संस्थेचं, बिल संस्थेचं, नियंत्रण विभागाचं; यात तडजोड नको.

राहिला लॅबमधल्या संगणकांचा प्रश्न. विंडोज 10चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि जुनी कितीतरी यंत्रं विंडोज 11च्या अटींत बसत नाहीत. ती भंगारात कशाला काढायची? त्यांच्यावर हलकं लिनक्स टाका. टर्मिनल आणि ब्राउझरपुरती ती अजून बरीच वर्षं चालतील. मायक्रोप्रोसेसरची किट, केबल क्रिम्पिंग, राउटरची जोडणी हे अर्थातच टेबलावरच राहील.

विभागप्रमुखांना माझी विनंती आहे: येत्या सेमिस्टरला ऑपरेटिंग सिस्टिम हा एकच विषय आणि एकच बॅच घ्या. इमेज सुट्टीतच तयार करा, लॅब असिस्टंटना ती घडवण्यात पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला रूटचा पासवर्ड द्या.