गोळी सोडू नका, छाती तपासून घ्या


अमिओडॅरोन गोळीने फुप्फुसे खराब होतात, म्हणून ती ताबडतोब बंद करावी, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला मला धोकादायक वाटतो. भीती खरी आहे. हृदयाचे ठोके ताळ्यावर आणणारे हे औषध काहींच्या फुप्फुसांना सूज आणते, क्वचित ती कायमची घट्ट होतात. पण गोळी मनाने सोडल्यास बिघडलेले ठोके परतून जिवावर बेतू शकते. शिवाय हे औषध चरबीत साठते. बंद केल्यावरही कित्येक आठवडे अंगात राहते.

आपल्या भोर-वेल्ह्यात अडचण वेगळीच आहे. कोरडा खोकला, चढावर लागणारा दम यांचा दोष पावसाळी गारठ्याला, चुलीच्या धुराला दिला जातो. कधी क्षयाचा संशय येतो, कधी हृदयच थकले म्हणतात. गोळी पुण्यात सुरू झालेली, तपासणारे डॉक्टर गावातले. त्यांना ती कोणी दाखवतच नाही. त्यात मोलाचे महिने जातात.

गोळी सुरू करतानाच छातीचा एक्स-रे काढावा. थायरॉइड व यकृताची रक्ततपासणी दर सहा महिन्यांनी करावी. घरात कोणी ही गोळी घेत असेल आणि नवा खोकला किंवा धाप लागली असेल, तर गोळ्यांची पट्टी घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा.

– एक वाचक, भोर