नववीच्या हजेरीपटावर दोघांचीही नजर हवी

अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपरमधल्या महापालिका माध्यमिक शाळांचे पालक आणि शिक्षक, दोघांसाठीही हे आवाहन आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, निम्म्या जागा महिलांना दिल्या आणि शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचं कामही याच समितीकडे सोपवलं. पण हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा, म्हणजे पहिली ते आठवीपुरता. महापालिकेच्या अनेक शाळाही सातवी-आठवीलाच संपतात. नववीत आलेल्या मुलाची बहुधा शाळा बदलते, ओळखीच्या बाई मागे राहतात, बीजगणित-भूमिती अंगावर येते आणि घराला चार पैशांचा हातभार लावण्याइतकं ते मोठंही झालेलं असतं. नेमकं याच वेळी कायद्याचं छत्र संपतं. माध्यमिक शाळांसाठी २००९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानात व्यवस्थापन व विकास समितीची तरतूद होती, पण अभियानातल्या समितीला कायद्याचं बळ कुठून येणार?

मग समित्यांना बळ द्या, पालकसभा वाढवा, अशी मागणी होते. ती रास्त आहे, पण पुरेशी नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रथम’ या मुंबईत जन्मलेल्या संस्थेबरोबर उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे ग्रामशिक्षण समित्या कागदावर होत्या, पण बहुसंख्य पालकांना त्यांचा पत्ता नव्हता. काही सदस्यांना तर आपण सदस्य आहोत हेही ठाऊक नव्हतं. सभा घेऊन लोकांना हक्क आणि समितीची माहिती दिली, तरी शाळेच्या कारभारात फारसा फरक पडला नाही. जिथे गावातल्याच तरुणांना वाचन शिकवण्याची साधी पद्धत दिली, तिथे मात्र त्यांच्या वर्गाला येणाऱ्या मुलांचं वाचन सुधारलं. जौनपूरची खेडी आणि प्राथमिक शाळा वेगळ्या, घाटकोपरच्या भटवाडीतली नववी वेगळी, हे मान्य. तरी त्यातला बोध इथेही लागू पडावा: माणसं नुसत्या अधिकाराने हलत नाहीत, हाती ठरावीक काम आलं की हलतात.

आपल्यासाठी ते काम हजेरीचं असावं. मुलगा-मुलगी शाळा एका दिवसात सोडत नाही. आधी सोमवार बुडतो, मग गावाहून परतायला जून उलटतो, मग सहामाहीला दांडी आणि दिवाळीनंतर नाव फक्त पटावर. वर्गशिक्षकांना हे सर्वांत आधी दिसतं, पण कारण बहुधा फक्त घराला माहीत असतं: आजारपण, धाकट्या भावंडाची जबाबदारी, पुनर्विकासात संक्रमण शिबिरात गेलेलं बिऱ्हाड, किंवा मिळालेलं एखादं काम. म्हणून सलग तीन दिवस मूल आलं नाही तर शाळेने त्याच संध्याकाळी फोन करावा आणि पालकांनी खरं कारण सांगावं. फोन नंबर किंवा पत्ता बदलला की आठवड्याच्या आत तो शाळेत नोंदवावा. किरकोळ वाटणारी ही गोष्ट चुकली, तर पुढचं सगळंच अडतं.

शिक्षक म्हणतील, मतदार याद्यांची कामं, निवडणूक, जनगणना, त्यात हे आणखी एक. तक्रार खरी आहे. म्हणूनच फोन एकट्या वर्गशिक्षकाने करायचे नाहीत. प्रत्येक तुकडीतल्या चार-पाच पालकांनी आपापल्या वस्तीतली घरं वाटून घ्यावीत, मात्र गैरहजेरीचं कारण चारचौघांत चघळू नये. शिक्षकांना पगार कशाचा मिळतो, असं विचारणाऱ्या पालकांना एवढंच सांगणं आहे की बंद दाराआड काय चाललंय हे कळायला पगार पुरत नाही. आम्ही शिकलेले नाही, आम्हाला काय कळणार, ही अडचण तर इथे येतच नाही. शेजारच्या घरी जाऊन चौकशी करायला भूमितीचं प्रमेय यावं लागत नाही. पालक शाळेत शिरले की राजकारण शिरतं, ही मुख्याध्यापकांची भीती मात्र अगदीच निराधार नाही. पण त्यावर उपाय दार बंद करणं हा नव्हे, कामाची हद्द आखणं हा आहे: बदल्या, ठेके, वर्गातलं शिकवणं यांत या गटाने पडू नये.

शाळांकडे एक आग्रहाची विनंती. कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवलेली पालकसभा मरोळच्या कारखान्यातल्या कामगाराला किंवा मुलुंडच्या इमारतींत धुणीभांडी करणाऱ्या आईला खाडा पाडूनच गाठावी लागते; मग पालक उदासीन आहेत असा शेरा मारणं अन्यायाचं. सभा रविवारी किंवा संध्याकाळी साडेसातनंतर घ्या, तिथे प्रगतिपुस्तक दाखवून चारचौघांत कानउघाडणी करू नका. पालकांनीही घरातल्या कुणा एका मोठ्याला नक्की पाठवावं. नव्या वर्षाची पहिली सभा जून संपण्याआधी व्हावी आणि तिचा पहिला विषय नववीच्या प्रत्येक तुकडीचा पट हा असावा: कोण आलं, कोण अजून आलेलं नाही आणि त्याच्या घरी आज कोण जाणार.