निनावी शब्दांची सत्ता

अफवा ही माणसाइतकीच जुनी आहे. पूर्वी ती पाणवठ्यावर जन्म घेई, बाजाराच्या दिवशी वाढे आणि कर्णोपकर्णी गावोगाव पोहोचे. तरीही तिला एक मर्यादा होती. सांगणारा माणूस समोर असे. तो थापाड्या आहे की भरवशाचा, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असे. आणि ‘हे तुला कोणी सांगितले?’ असे त्याला विचारता येई. आंतरजालाने ही मर्यादा पुसून टाकली. आता सांगणाऱ्याला नाव नाही, गाव नाही, चेहरा नाही; परंतु त्याचा शब्द क्षणार्धात लाखो लोकांच्या हातातील पडद्यावर उमटतो. अशा निनावी शब्दांतून जेव्हा गुप्त कटांच्या कहाण्या रचल्या जातात, तेव्हा त्या केवळ करमणुकीच्या गोष्टी राहत नाहीत. त्या राजकारणाची भाषाच पालटून टाकतात.

याचे ठळक उदाहरण अमेरिकेत घडले. २८ ऑक्टोबर २०१७ रोजी ‘फोरचॅन’ या, नाव न देता मजकूर लिहिता येणाऱ्या संकेतस्थळावर एक छोटा संदेश झळकला. माजी परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांना दोनच दिवसांत अटक होणार, असे त्यात म्हटले होते. अटक झाली नाही. परंतु संदेश येतच राहिले. त्यांचा लेखक ‘क्यू’ या एकाक्षरी सहीने ओळखला जाऊ लागला. आपण सरकारमधील अत्यंत गोपनीय माहिती असणारे अधिकारी आहोत, असा त्याचा आव होता. देशातील बडे राजकारणी, धनिक आणि कलावंत यांची एक टोळी मुलांचे शोषण करते. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प तिच्याशी गुप्तपणे लढत आहेत आणि एके दिवशी या सर्वांना एकदम पकडले जाईल, असा या कथेचा गाभा होता. तिला कोणताही पुरावा नव्हता. तरीही पुढील तीन वर्षांत असे हजारो संदेश निघाले आणि त्यांच्याभोवती ‘क्यूअनॉन’ नावाची चळवळच उभी राहिली.

ज्याचे पहिलेच भाकीत खोटे ठरले, त्याच्यावर लोकांनी विश्वास का ठेवावा? याचे उत्तर त्या संदेशांच्या घडणीत आहे. त्यांत सरळ विधाने थोडी आणि सूचक प्रश्न अधिक असत. ‘अमुक व्यक्ती त्या दिवशी तेथे का गेली?’ एवढेच विचारायचे आणि उत्तर वाचकावर सोपवायचे. मग वाचक स्वतःच शोध घेऊ लागतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, तसे योगायोग त्याला जागोजागी सापडतात. स्वतः शोधून काढलेली गोष्ट माणसाला परक्याने सांगितलेल्या गोष्टीपेक्षा अधिक खरी वाटते. शिवाय, आपण सामान्य लोकांपेक्षा अधिक जाणतो, या भावनेचा एक गोड अहंकार असतो. नोकरी, आजार, एकटेपणा यांनी गांजलेल्या माणसाला तर अशा समूहात आपली माणसेही मिळतात.

कटकथेचे दुसरे बळ असे, की ती कधीच खोटी ठरू शकत नाही. पुरावा सापडला नाही, तर तो दडपला गेला असे म्हणता येते. एखाद्याने इन्कार केला, तर तोही कटात सामील आहे असे ठरवता येते. भाकीत चुकले, तर शत्रूला गाफील ठेवण्यासाठी मुद्दाम चुकीची तारीख दिली, असे समर्थन तयार असते. ज्या विधानाला खोटे पाडण्याचा कोणताच मार्ग शिल्लक ठेवलेला नाही, त्याला ज्ञान म्हणता येत नाही. ती श्रद्धा असते. आणि या श्रद्धेचा देव पडद्याआड बसलेला असतो.

अशा कथांना पंख कसे फुटतात, हेही पाहिले पाहिजे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा अभ्यास केला आणि २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक असते, असे त्यांना आढळले. दीड हजार लोकांपर्यंत पोहोचायला सत्याला असत्याच्या सुमारे सहापट वेळ लागतो. या असत्यातही राजकीय असत्य सर्वांत वेगाने आणि दूरवर पसरते. यातील सर्वांत अस्वस्थ करणारा निष्कर्ष असा, की या फरकाला आपोआप संदेश पाठवणाऱ्या यंत्रणा कारणीभूत नव्हत्या, माणसेच होती. नवल आणि संताप वाटला की बोट आपोआप पुढे सरकते. या माध्यमांचा व्यवसायही आपण पडद्याला किती वेळ खिळून राहतो यावर चालतो; त्यामुळे भडक मजकुराला तेथे मुक्त वाट मिळते.

याची किंमत समाजाला मोजावी लागते. क्यूच्या आधी, २०१६ साली, वॉशिंग्टनमधील एका पिझ्झाच्या उपाहारगृहाच्या तळघरात मुलांना डांबून ठेवले आहे, अशी कहाणी पसरली होती. त्या वर्षी ४ डिसेंबरला एक मनुष्य बंदूक घेऊन मुलांची सुटका करायला तेथे पोहोचला आणि त्याने गोळ्या झाडल्या. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. त्या इमारतीला तळघरच नव्हते. पुढे ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकी संसदभवनावर जमाव चालून गेला. निवडणूक चोरली गेली, हा निराधार दावा त्यामागे होता. पण त्या जमावात क्यूची चिन्हे मिरवणारे अनुयायीही ठळकपणे दिसले.

हिंसा डोळ्यांना दिसते. भाषेचे नुकसान मात्र सहज दिसत नाही. लोकशाहीत प्रतिपक्ष हा चुकीच्या मताचा माणूस असतो. त्याच्याशी वाद घालता येतो, कधी तडजोड करता येते, कधी त्याचे पटतेही. कटकथा त्याला राक्षस बनवते. राक्षसाशी चर्चा करायची नसते; त्याचा वध करायचा असतो. अंदाजपत्रक, शाळा, रोजगार, आरोग्य हे प्रश्न मग मागे पडतात. २ ऑक्टोबर २०२० रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने ३७१ विरुद्ध १८ मतांनी क्यूअनॉनचा निषेध केला. एका निनावी लेखणीच्या निषेधासाठी एवढ्या मोठ्या देशाच्या विधिमंडळाला ठराव करावा लागला, यातच त्या लेखणीची सत्ता दिसून येते.

येथे कोणी म्हणेल, की मग निनावी लेखनावर बंदीच का घालू नये? हा उपाय वाटतो तितका सोपा नाही. १८४८ पासून मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने समाजाला खडबडून जागे करणारी पत्रे प्रसिद्ध होऊ लागली. सरकारी नोकरीत असलेल्या गोपाळ हरी देशमुखांना त्या नावाचे कवच नसते, तर मराठी समाज कदाचित त्या विचारांना मुकला असता. पण त्या पत्रांना भाऊ महाजनांसारखा जबाबदार संपादक होता आणि त्यांतील विचार वाचकांनी आपल्या बुद्धीवर पारखून घ्यायचा होता. नाव झाकले होते. उत्तरदायित्व झाकलेले नव्हते.

दुसराही एक आक्षेप रास्त आहे. जगात खरे कट होतातच. १९७२ साली अमेरिकेत उघडकीस येऊ लागलेले वॉटरगेट प्रकरण हा खराच कट होता, आणि त्याच्या शोधात एका निनावी अधिकाऱ्याचे साहाय्य झाले होते. मार्क फेल्ट हे त्याचे नाव जगाला २००५ मध्ये कळले. परंतु वार्ताहरांनी त्याच्या शब्दावर विसंबून न राहता ती माहिती इतरांकडून पडताळून घेतली. पुढे संसदेच्या समितीने साक्षी नोंदवल्या, न्यायालयाने ध्वनिफिती मागवल्या आणि ऑगस्ट १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना राजीनामा द्यावा लागला. तेव्हा संशय घेणे हा दोष नव्हे. तो सावध नागरिकाचा गुणच आहे. मात्र खरा संशय पुराव्यापाशी येऊन थांबतो, तर कटकथा पुराव्याला वळसा घालून पुढे जाते.

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा आहे, असे समजून आपल्याला स्वस्थ बसता येणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भटक्या जमातीतील पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे निनावी संदेश त्या काळात भ्रमणध्वनींवरून फिरत होते. हे पाचही जण पोटासाठी भिक्षा मागत हिंडणारे होते. येथे राजकारण नव्हते, कट रचणारा कोणी ‘क्यू’ नव्हता. पण अनोळखी माणसाला राक्षस ठरवणारी वृत्ती तीच होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, असे बंधन घालण्यास सुरुवात केली. उपाय योग्य होता. परंतु बोटाला घातलेला आवर मनाला पुरत नाही.

केवळ दंडुक्यानेही हे काम होणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ हे संदिग्ध असून मतस्वातंत्र्यावर घाला घालते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ते रद्द केले. अफवांना खरा उतारा मोकळ्या माहितीचा आहे. जेथे शासन प्रश्नांना वेळेवर आणि स्पष्ट उत्तरे देते, तेथे कुजबुजीला जागा कमी उरते. २००५ चा माहितीचा अधिकार म्हणूनच मोलाचा आहे. राजकीय नेत्यांचीही जबाबदारी मोठी आहे. असत्याने आपली मते वाढत असतील, तर त्याबाबत मौन पाळणे हेही त्याला दिलेले बळच होय.

आणि अखेर जबाबदारी आपली, वाचकांची आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधकबुद्धी यांचा विकास करणे हे संविधानाच्या कलम ५१ अ नुसार प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. ते पाळायला प्रयोगशाळा लागत नाही. हाती आलेला संदेश पुढे पाठवण्यापूर्वी आपण थांबावे आणि विचारावे : हे कोण सांगत आहे? त्याला ते कसे कळले? हे खोटे असेल, तर ते मला कशावरून समजेल? आणि माझ्या या एका बोटामुळे कोणा निरपराध्याच्या जिवावर तर बेतणार नाही ना? पाणवठ्यावरचा अडाणी माणूसही यांतला पहिला प्रश्न न चुकता विचारत असे. लिहिता-वाचता येणाऱ्या आपण तो विचारण्याची सवय सोडता कामा नये.